सोने खरे, होन खोटा

'आधी सराफाकडं दाखवा, मग पैसे द्या,' असे विकणाराच आपणहून म्हणू लागला की घेणाऱ्याचा निम्मा संशय तिथेच गळून पडतो. जुन्या सोन्याच्या नाण्यांच्या फसवणुकीत हे वाक्य फार कामाला येते. आमच्या नात्यातल्या एका घरात ते बोलले गेले, तेव्हा समोर 'शिवराई होन' होता. सराफाने तपासला, सोने चोख निघाले. तरीही होन खोटा होता. सोने खरे असणे आणि नाणे खरे असणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे. ऐकायला सोपे वाटते. पण लाखांचा व्यवहार समोर असताना भल्याभल्यांना ते आठवत नाही.

मी साताऱ्याकडचा. बँकेतली नोकरी संपली, पण तांब्याच्या शिवराया जमवण्याचा नाद काही सुटला नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी गोधडीवर पसरलेल्या खिळे-कुलुपांतून एखादी बरी शिवराई निवडण्यात जी मजा आहे, ती मला दुसऱ्या कशात आली नाही. त्यामुळे नातेवाइकांत कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या देव्हाऱ्यात जुने काही सापडले की ते माझ्यापुढे येते. बहुतेक वेळा ते एडवर्डचे आणे किंवा व्हिक्टोरियाचे रुपये असतात. थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांचा फोन आला तेव्हा मात्र प्रकरण वेगळे होते.

"होन मिळालाय," दाजी म्हणाले. "महाराजांचा. खरा. सराफानं मशीनवर घालून बघितलाय. बावीस कॅरेट."

"केवढ्याला?"

"सहा लाख. एक लाख इसार दिलाय. बाकीचे सोमवारी."

"दाजी, सोमवार येऊ द्या, पण पैसे जाऊ देऊ नका. मी येतो."

दाजी म्हणजे सरळ शेतकरी गडी. रस्त्याच्या रुंदीकरणात थोडी जमीन गेली होती, तिचा मोबदला नुकताच जमा झाला होता आणि ते गावाला ठाऊक होते. त्यात राज्याभिषेकाचे ३५० वे वर्ष. गावोगाव मिरवणुका, पोवाडे, रायगडाच्या गाड्या. दाजी तर दरवर्षी रायगडावर जाणारे. अशा माणसाकडे एक मध्यमवयीन, मृदू बोलणारा गृहस्थ आला. घराचा पाया खणताना जेसीबीला हंडा लागला, भावाभावांत वाटणी झाली, माझ्या वाट्याचा हा एकच उरला, मुलीचे लग्न आहे, मारवाड्याला विकायला मन धजत नाही, महाराजांच्या माणसाच्या घरात राहावा, असे तो म्हणाला. आणि सराफाचे वाक्यही त्यानेच सुचवले. इसार घेऊन तो होन दाजींकडेच ठेवून गेला. केवढा विश्वास, असे सगळ्या घराला वाटले.

विश्वासाचा हिशेब करून पाहिला तर असा निघतो. नाण्यात अडीच-पावणेतीन ग्रॅम सोने. त्या वेळच्या भावाने त्याचे वीस हजारांच्या आतबाहेर. घडवणी धरा, पंचवीस हजार. एक लाख इसार हातात पडल्यावर त्या गृहस्थाचे पाऊण लाख सुटलेच होते. उरलेले पाच लाख मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तरी धंदा झाला. खरे सोने वापरणे त्याला परवडत होते ते याचसाठी.

होन म्हणजे काय

दाजींकडे काय पाहायला जायचे आहे हे समजण्यासाठी आधी अस्सल होनाची ओळख हवी. दक्षिणेत सोन्याच्या होनांची परंपरा विजयनगरच्याही आधीपासूनची. उत्तरेत मोगलांचा चांदीचा रुपया जसा व्यवहाराचा कणा, तसा दख्खनच्या दक्षिणेकडे होन. विजयनगर गेले तरी त्यांच्या राजांच्या नावाचे होन बाजारात फिरत राहिले. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची जंत्री आहे. तीत पातशाही होन आहेत, अच्युतराई, देवराई आहेत, पुतळ्या आहेत आणि शिवराई होनही आहेत. म्हणजे स्वराज्याच्या तिजोरीत देशोदेशीचे सोने होते आणि महाराजांचा स्वतःचा होन हा त्यांतला एक प्रकार होता.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. नाणे आपल्या नावाने चालवणे हा सार्वभौम राजाचा हक्क, आणि तो महाराजांनी ठळकपणे बजावला. आजूबाजूच्या शाह्यांच्या नाण्यांवर फारसी लिपी होती. महाराजांनी नाण्यावर देवनागरी आणली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. बस्स. चित्र नाही, तलवार नाही, राजमुद्रेचा श्लोक नाही, सन नाही. वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, व्यास दीड सेंटिमीटरच्याही आत. करंगळीच्या नखावर मावेल एवढे नाणे आणि त्यावर एका नव्या राज्याची घोषणा.

त्याच सोहळ्याला मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. महाराजांची तुला झाली तेव्हा सुमारे १६,००० होन लागले, अशी नोंद इंग्रजांच्या पत्रव्यवहारात आहे. ऑक्झेंडन नुसता सोहळा पाहायला आला नव्हता, तहाची कलमे घेऊन आला होता. मुंबईत इंग्रजांनी १६७२ मध्ये नाणी पाडायला सुरुवात केली होती आणि ती महाराजांच्या मुलखात चालावीत अशी त्यांची मागणी होती. महाराजांच्या बाजूने मिळालेल्या उत्तराचा मथितार्थ असा : रयतेवर जबरदस्ती करणार नाही, तुमचे नाणे वजनाला आणि कसाला उतरत असेल तर लोक घेतील, मनाई नाही.

हे उत्तर त्या काळातल्या नाण्याचे सगळे अर्थशास्त्र सांगून जाते. तेव्हा नाण्याची किंमत म्हणजे त्यातल्या धातूची किंमत. पोतदार वजन करायचा, कसोटीच्या दगडावर घासायचा, कमी भरले तर बट्टा कापायचा. वजन आणि कस पुरेसे होते. आज त्याच होनाला लोक लाखो रुपये मोजतात, ते सोन्याला नव्हे. सतराव्या शतकात, स्वराज्याच्या टांकसाळीत तो पडला, या इतिहासाला मोजतात. आणि इतिहास काट्यावर बसत नाही, कसोटीवर उमटत नाही. पोतदाराची परीक्षा आजच्या होनाला लावली म्हणून दाजी अडकले.

तांब्याची शिवराई इतकी मुबलक आणि होन इतका दुर्मीळ का, हेही समजून घ्यायला हवे. तांब्याच्या शिवराया महाराजांनंतरही, पेशवाईत आणि पुढे इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंत पाडल्या व वापरल्या गेल्या. आजही त्या किलोच्या हिशेबाने निघतात आणि साधी शिवराई काहीशे रुपयांना मिळते. सोन्याचे तसे नाही. सोने वितळते आणि पुन्हा नवे होते. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. बाजारात राहिले ते सोने पुढच्या राजवटींच्या टांकसाळीत गेले किंवा दागिन्यांत आटले. आज अस्सल म्हणून जाणकारांनी मान्य केलेले होन इतके थोडे आहेत, की नवा होन निघाला तर ती अभ्यासकांच्या वर्तुळात बातमी होते. तो कुणाच्या दारात पिशवीतून येईल, ही शक्यता फारच कमी.

भिंगाखाली

दाजींच्या सोप्यात, खिडकीशी टेबल ओढून बसलो. माझ्याबरोबर दोनच आयुधे होती : ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग. लाल मखमलीच्या डबीतून होन निघाला. पहिल्या नजरेला देखणा. घरातली सगळी मंडळी माझ्या तोंडाकडे बघत उभी.

काट्यावर २.५८ ग्रॅम. तीनशे-साडेतीनशे वर्षे वापरात, मातीत राहिलेले नाणे थोडे हलके भरू शकते, हे खरे. पण झिजेने वजन घटले असेल तर झीज दिसायला हवी. अक्षरांचे माथे सपाट व्हायला हवेत. इथे अक्षरे पुरती उठून दिसत होती. न झिजलेले आणि तरी हलके, ही पहिली खटकणारी गोष्ट.

मग भिंग लावले. ठोकून पाडलेल्या नाण्यात अक्षर जिथे सपाट पृष्ठभागाला मिळते, तो कोपरा तीक्ष्ण असतो. ठशाच्या खोबणीत धातू दाबाने शिरलेला असतो ना. झीज झाली तरी ती माथ्यावर होते, पायथ्याचे कोपरे बरेचसे शाबूत राहतात. दाजींच्या होनावर नेमके उलटे होते. माथे ठीक, पण पायथे गोलसर, वापरलेल्या साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखे. 'राजा'मधल्या 'जा'च्या शेजारी टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रे होती. साच्यात रस ओतताना अडकलेल्या हवेचे बुडबुडे असे फुटतात. कडेवर बारीक कानशीचे एकाच दिशेने गेलेले ओरखडे होते. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याच्या दोन भागांची रेघ राहते, ती घासून काढावी लागते.

म्हणजे हा होन पाडलेला नव्हता, ओतलेला होता. कुणीतरी एका नाण्यावरून किंवा प्रतिकृतीवरून साचा घेतला होता आणि त्यात सोने ओतले होते.

"पण सोनं खरंय ना?" आक्का, माझी थोरली बहीण, म्हणाली.

"सोनं खरंच आहे," मी म्हणालो. "सराफाची चिठ्ठी आहे का?"

दाजींनी पाकिटातून घडी काढली. आजकाल सराफांकडे क्ष-किरणांवर चालणारे कॅरेट मोजायचे यंत्र असते. नाणे आत ठेवले की मिनिटभरात कुठला धातू किती टक्के, याची छापील पट्टी बाहेर येते. घरात सगळ्यांनी वरची एकच ओळ वाचली होती : सोने ९१.६. खाली चांदी होती, तांबे होते, किंचित जस्त होते. आणि शेवटच्या ओळीत कॅडमियम, १.२ टक्के.

त्या एका ओळीने माझ्यापुरता निकाल लागला. कॅडमियम हा धातू जर्मनीत १८१७ मध्ये शोधला गेला. निसर्गात तो जस्ताच्या खनिजात अत्यल्प असतो, पण टक्काभर कॅडमियम सोन्यात यायचे तर ते कुणीतरी मुद्दाम घातलेले असावे लागते. आपल्याकडे दागिन्यांचे सांधे जोडायला ते गेल्या काही दशकांत सर्रास वापरले गेले. 'केडीएम' बांगड्या आठवतात का? तेच ते. त्याचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांना घातक ठरला आणि हॉलमार्कच्या दागिन्यांत आता त्याला थारा नाही. १६७४ च्या सोनाराला हा धातू माहीत असण्याचा प्रश्नच नाही. कुणाच्या तरी मोडीतल्या केडीएम बांगडीचा हा होन झाला होता, आणि ज्या चिठ्ठीच्या बळावर तो विकला जात होता तीच चिठ्ठी त्याच्याविरुद्ध साक्ष देत होती.

इथे एक सावधगिरीची सूचना. कॅडमियम सापडले म्हणजे नाणे नवे, हे बरोबर. पण ते सापडले नाही म्हणजे नाणे जुने, असे उलटे धरू नका. हुशार ठग जुन्या सोन्याची मोड वापरतो. मग धातूची चाचणी काहीच बोलत नाही. शिवाय हे यंत्र पृष्ठभागापुरतेच वाचते. सराफाने दाजींना खोटे सांगितले नव्हते. त्याला सोन्याबद्दल विचारले गेले, त्याने सोन्याबद्दल सांगितले.

घरातल्यांची खात्री पटावी म्हणून पुण्यातल्या एका जाणकारांकडे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. त्यांचे उत्तर आले ते दुसऱ्याच एका फोटोच्या रूपात. कुणीतरी दुसऱ्या जिल्ह्यातून त्यांच्याकडे आधी पाठवलेला होन. 'जा'शेजारची तीच दोन छिद्रे, डावीकडे तेवढेच कापले गेलेले ठिपक्यांचे वर्तुळ, कडेवर त्याच जागी तोच पोचा. हातोड्याने पाडलेल्या नाण्यांत हे अशक्य. खालच्या ठशावर सोन्याची चकती ठेवायची, वरचा ठसा धरायचा आणि घाव घालायचा. एकाच ठशाची दोन नाणी असली तरी प्रत्येक घावाला चकती थोडी इकडे-तिकडे बसते, दाब कमी-जास्त होतो, आणि पुढचे पोचे-ओरखडे तर ज्याचे त्याचे. दोन नाण्यांचे अपघात सारखे असतील, तर ती एका साच्याची भावंडे.

सोमवारी तो गृहस्थ आला नाही. बहुधा दाजींच्या फोनवरच्या आवाजावरूनच त्याने ओळखले असावे. नंतर नंबर बंद. दाजींनी पोलिसांत तक्रार दिली, होन मुद्देमाल म्हणून जमा झाला. लाख रुपये आजपर्यंत परत आलेले नाहीत. पाच लाख वाचले, याचे समाधान घरात वेळ जाता जाता आले.

हंड्याची गोष्ट खरी असली तर?

असल्या व्यवहारात 'पाया खणताना हंडा सापडला' ही कथा हमखास असते. ती खोटी असेल तर तुम्ही फसलात. पण ती खरी असेल तर? याचा विचार कुणी करत नाही, आणि तो जास्त गंभीर आहे.

१८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले, तर सापडणाऱ्याने ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवून सरकारी तिजोरीत जमा करायचे असते किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यायची असते. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावेदार बोलावतात. कुणाचीच मालकी सिद्ध झाली नाही आणि दुसरा करार नसेल, तर सर्वसाधारणपणे तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारला ते हवे असेल, तर धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश जास्त रक्कम देऊन ते घेता येते. लपवणाऱ्याचा वाटा मात्र जातो आणि वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे कायदा सापडणाऱ्याच्या विरोधात नाही, लपवणाऱ्याच्या विरोधात आहे. गुपचूप विकत घेणारा त्या लपवाछपवीत सामील होतो, आणि उद्या तोच माल पोलिसांनी उचलला तर तक्रार करायला त्याला तोंड उरत नाही. ठगाला हे पक्के ठाऊक असते. 'कुणाला सांगू नका, सरकार नेईल' हे तो तुमच्या काळजीपोटी नव्हे, तुमचे तोंड बंद राहावे म्हणून म्हणतो.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तू आणि कलासंपदेचा, १९७६ पासून अमलात आलेला. शंभर वर्षांहून जुने नाणे त्यात पुरावस्तू ठरते. पुरावस्तू विकण्याचा धंदा करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. नेल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. परदेशातल्या लेकाला किंवा भाच्याला 'महाराजांचे खरे नाणे' भेट म्हणून बॅगेत घालून देण्याचा बेत असेल, तर तो इथेच सोडा. त्याला चांगली प्रतिकृती द्या, आणि पावतीवर 'प्रतिकृती' असे लिहून घ्या.

या प्रतिकृतींबद्दलही बोलायला हवे. ३५० व्या वर्षाच्या निमित्ताने सोन्याचे, चांदीचे, पितळेचे होन पुष्कळ निघाले. आठवण म्हणून विकले गेले, तिथवर गैर काहीच नाही. पण पहिले गिऱ्हाईक डबी आणि पावती फेकून देते, दुसरे ते नुसते नाणे म्हणून विकते, आणि तिसऱ्या हाताला पोहोचेपर्यंत त्याचे 'हंड्यातले' झालेले असते. आजची प्रामाणिक प्रतिकृती उद्याच्या ठगाचा कच्चा माल आहे. म्हणून घरी प्रतिकृती असेल तर तिची पावती तिच्यासोबतच ठेवा.

घेण्याआधी

जुने सोन्याचे नाणे घ्यायचेच असेल, तर आजवर पाहिलेल्या चांगल्या-वाईट व्यवहारांतून माझ्या मनात जे पक्के झाले ते सांगतो.

अस्सल नाणे कसे दिसते हे आधी पाहा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे नाणेसंग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. मराठ्यांच्या टांकसाळी आणि नाण्यांवरचा माहेश्वरी आणि विगिन्स यांचा ग्रंथ तिनेच १९८९ मध्ये काढला. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. अशा ठिकाणी तासभर काढलात, तर पाडलेले नाणे आणि ओतलेले नाणे यांतला फरक डोळ्यांत बसतो. वाचून तो बसत नाही.

सराफाची चिठ्ठी घ्या, पण ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि तिला नाण्याचा दाखला समजू नका. नाण्याचा दाखला नाणेतज्ज्ञच देऊ शकतो, आणि तो विकणाऱ्याने आणलेला नसावा, तुम्ही शोधलेला असावा. मखमलीच्या डबीत ठेवलेल्या 'प्रमाणपत्रा'ला, त्याखालच्या शिक्क्याला काडीची किंमत नाही.

इसार देऊ नका. ज्याला खरेच विकायचे आहे आणि ज्याचे नाणे खरेच दुर्मीळ आहे, त्याच्याकडे गिऱ्हाइकांची रांग लागेल. तो तुमच्या इसारावाचून अडणार नाही. 'उद्या दुसरा नेणार आहे' म्हटले की 'नेऊ द्या' म्हणायला शिका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकराच्या कायद्यात मनाई आहे, तेव्हा मोठी रोकड मागणारा माणूस तिथेच उघडा पडतो.

पावती मागा आणि तीत नेमके लिहून घ्या : कुणाचे नाणे, कुठला धातू, किती वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि खोटे ठरल्यास अमुक मुदतीत पैसे परत. 'जुने पिवळ्या धातूचे नाणे एक नग' अशी पावती म्हणजे विकणाऱ्याने आपली सुटका आधीच लिहून ठेवली आहे. नाणे आधी कुणाच्या संग्रहात होते, कुठल्या लिलावात गेले, कुठे छापले गेले, याचा माग मिळत असेल तरच मोठ्या रकमेचा विचार करा.

नाण्यावर काय आहे यापेक्षा काय नसावे ते लक्षात ठेवा. महाराजांची प्रतिमा असलेला, '१६७४' लिहिलेला, संगणकावरच्या टंकासारखी एकसारखी अक्षरे असलेला होन आणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ हा सन आणि रामदरबाराचे चित्र असलेली नाणीही अशीच फिरत असतात. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. राम-सीतेचे अस्सल नाणे पाहायचे तर ते अकबराने १६०४-०५ च्या सुमारास पाडले, आणि त्यातली सोन्याची अर्धी मोहोर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

उलट बाजूचा ठगही असतो. 'तुमच्याकडचे जुने नाणे दहा लाखांना घेतो, आधी नोंदणी आणि कर भरा,' असा संदेश येतो आणि त्यावर रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह असते. रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्येच जाहीर केले, की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असले शुल्क मागत नाही. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्या दाजींनी तीन दिवस लोकलाजेत घालवले.

तुमच्या देव्हाऱ्यात असेल तर

आता शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. खोट्या होनाला सराफाची चिठ्ठी तारते, तसे खऱ्या होनाला सराफाची मूस खाते. दोन्हींच्या मुळाशी एकच गल्लत आहे, सोने आणि नाणे एकच समजण्याची. आजीच्या गाठोड्यातले, टाकांच्या शेजारी पूजेत असलेले, पुतळ्यांच्या माळेत ओवलेले एखादे छोटे, वेडेवाकडे सोन्याचे नाणे 'मोड' म्हणून दुकानात जाते आणि दहा मिनिटांत त्याचे पाणी होते. असे किती गेले असतील, कुणी मोजलेले नाही.

म्हणून घरातले जुने सोन्याचे नाणे मोडीत घालण्याआधी एवढे करा. चिंच, लिंबू, ब्रश लावून ते चकचकीत करू नका. त्याला कडी डकवू नका. लावलेली असेल तर उपटू नका. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा स्पष्ट फोटो काढा, वजन लिहून ठेवा, ते घरात कधीपासून आहे हे वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा. मग फोटो नाणेतज्ज्ञाला दाखवा. खोटे किंवा साधे निघाले तर सोन्याची किंमत कुठे जात नाही. खरे निघाले, तर महाराष्ट्राच्या इतिहासाचा एक पुरावा तुमच्या हातून वाचला असे होईल. सराफाकडे जाण्याचा रस्ता त्यानंतरही मोकळाच आहे. वितळलेल्या होनाला परतीचा रस्ता नाही.